आशाबाईंच्या स्मरणार्थ पंखा

माणूस हीच धंद्याची खरी संपत्ती, असं राधाकृष्ण शेठना पुण्याच्या कुठल्याशा शिबिरात कळलं आणि हिंगोलीतल्या त्यांच्या हळदीच्या कारखान्यात एचआर मॅनेजर म्हणून स्वानंदची नेमणूक झाली. पुढे बरेच दिवस गेले, तरी हा माणूस नेमकं करतो काय हे शेठना उमगलं नव्हतं. खरं सांगायचं तर स्वानंदलाही नव्हतं.

"आज पुण्याच्या संपदा मॅडम येऊन राहिल्या," शेठ सकाळीच म्हणाले. "कामगारांना कसं वागवता ते पाहून माल उचलतेत म्हणे. त्याईला काहीतरी दिसलं पायजे. न्हाई दिसलं, तर उद्यापासून तुमी येऊ नका."

तशी स्वानंदची तयारी होती. हळद निवडणाऱ्या आशाबाईंना त्याने महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचारी ठरवून त्यांचा मोठा फोटो फ्रेम करून आणला होता. पण आशाबाई नेमक्या रजा घेऊन नरसीला दर्शनाला गेलेल्या आणि फोटोखालची पाटी पेंटरकडे वाळत पडलेली. त्याने फ्रेम वॉचमन संतरामच्या हातात दिली, "दारासमोर लावा, चांगलं मानानं लावा," एवढं सांगितलं आणि मॅडमना आणायला स्टेशन गाठलं.

परत येऊन पाहतो तर यंत्रं बंद. फोटोला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. बाया तोंडाला पदर लावून बसलेल्या आणि शेठ भरल्या गळ्याने बोलताहेत.

"अशी बाई मिळायची न्हाई. किती उन्हाळे पंखा मागून राहिली बिचारी, अन् मी नुसतं बघू बघू केलं."

स्वानंदने संतरामला कोपऱ्यात ओढलं. "अहो, हार कशाला घातला?"

"मंग मानानं कसं लावतेत, साहेब?" संतराम डोळे पुसत म्हणाला. "बाई कामाला न्हाई, फोन बंद, अन् तुमी फोटो देऊन पळाले. मी काय समजावं?"

खरं सांगावं तर मॅडमसमोर शेठचं हसं होणार आणि नोकरी जाणार. न सांगावं तर धडधाकट बाईचं सुतक पाळावं लागणार. तोवर मॅडमनी चपला काढून हात जोडले होते.

"कामगारासाठी रडणारा मालक मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "माल तुमच्याकडूनच घेणार."

मॅडम चहा पिऊन जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं स्वानंदने ठरवलं. शेठना मात्र आता चांगलाच जोर चढला. "आशाबाईच्या स्मरणार्थ पंखा लावतो. पात्यावर नाव टाकून!"

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबली. प्रसादाची पिशवी घेऊन एक बाई आत आली. बाया रडताना पाहून रीतीप्रमाणे तिनेही पदर डोळ्यांना लावला, कडेला बसली, थोडं रडून घेतलं आणि मग शेजारणीला हळूच विचारलं, "कोन गेलं व?"

शेजारीण किंचाळली. सगळे वळले. आशाबाईंनी आधी सगळ्यांकडे पाहिलं, मग फोटोकडे. शेजारणीने पंख्याचं आणि पात्यावरच्या नावाचं त्यांच्या कानात सांगितलं.

"पंखा लावा, शेठ," त्या शेवटी म्हणाल्या. "नाव तेवढं नका टाकू."

मॅडमना हसू आवरेना. माल घेण्याचा शब्द मात्र त्यांनी मोडला नाही.

संध्याकाळी शेठनी स्वानंदला केबिनमध्ये बोलावलं. आता आपला हिशेब होणार, म्हणून तो उभाच राहिला. टेबलावर आशाबाईंची फ्रेम होती, हार काढलेली. शेठ बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते.

"बराबर सांगा, साहेब," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "असा माझा फोटो लावला, तर किती जण रडतील?"

आपली नोकरी कशासाठी आहे, हे स्वानंदला पहिल्यांदाच कळलं होतं.

"शेठ," तो म्हणाला, "आधी पंखा लावून घेऊ."