समुद्र चालंल, टँकर न्हाई

उत्तमबप्पा कुणाची चेष्टा करायची असली की आधी नोटीस देतात. तोंडी नाही, लेखी. "उद्या सकाळी आपली चेष्टा करण्यात येईल, नोंद घ्यावी," असा मेसेज मला एकदा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच फोन वाजला. "ताई, तुमच्या नव्या पत्रकात एकबी शिवी न्हाई. तब्येत बरी हाय ना?" गावात शिव्यांसकट पत्रकं काढून वाटणारी मी, पण मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ही चेष्टा होती. संपली." आणि फोन ठेवला.

बप्पा केजच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. सगळी नोकरी त्यांनी भोंग्यासमोर काढली, आणि रिटायर झाले तरी भोंगा काही घशातून निघाला नाही. हॉटेलात चहा उशिरा आला की "चहा आपल्या निर्धारित वेळेपेक्षा उशिरा सुटलाय, नोंद घ्यावी" म्हणतात. पोरं हसतात. बप्पा हसत नाहीत. हसण्याची परवानगी कुठल्या कलमात आहे ते आधी बघायला लागतं.

आमची ओळख झाली ती 'गावकोशा'मुळे. इंटरनेटवरची ही वही आम्ही काही रिकामटेकड्या लोकांनी सुरू केली. कुणीही यावं, आपल्या गावाबद्दल लिहावं, दुसऱ्यानं ते दुरुस्त करावं. बाजार कधी भरतो, जीप कुठं थांबते, टँकर कधी येतो, सगळं त्यात. लिहायचे पैसे मिळत नाहीत. भांडायचेही मिळत नाहीत, तरी भांडायला माणसं कमी पडत नाहीत. अशा वहीला राखणदार लागतो. चुकीचं पुसणारा, भांडणं सोडवणारा. बप्पांनी ती जागा मागितली नव्हती, पण पहिल्याच दिवशी त्यांनी 'स्वल्पविरामाबाबत सूचना' असं पान टाकलं आणि सगळ्यांनी निमूटपणे त्यांना राखणदार केलं.

आता खरं सांगते. मला हा माणूस आवडत नव्हता, आणि त्याला कारण होतं.

बप्पांना एकच लेक, रेखा. आई लहानपणीच वारली, बप्पांनीच पोरीला वाढवलं, वेण्यासुद्धा घातल्या. तिनं कडा गावच्या एका मेंढपाळाच्या पोराशी लग्न केलं. बप्पांची जमीन चार एकर, पण आडनाव चाळीस एकराचं. त्यांनी चौकात पोरीच्या फोटोचा फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. डोकं भादरलं, दहावा घातला. जिवंत पोरीच्या दहाव्याला गाव पंगतीत बसून जेवलं, आणि वरणात मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरलंसुद्धा. आमच्या भागात ही नवीन गोष्ट नाही. पोरगी पळाली की बापाला फ्लेक्सवाला आधी आठवतो, पोरगी मागनं.

मी तेव्हा पत्रक काढलं. "लेकीचा दहावा जेवणाऱ्यांनो, ढेकर आला का?" बप्पांचं नाव घालून घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी बप्पा पत्रक घेऊन माझ्या दारात उभे. मी भांडायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "खाली मुद्रकाचं नाव न्हाई. हे बेकायदेशीर हाय." बाकी मजकुराबद्दल एक शब्द नाही.

तर गेल्या धुळवडीला गावकोशात धुडगूस झाला. सिरसाळ्याच्या एका पोरानं 'केज बंदर' असं पान टाकलं. त्यात जहाजांच्या वेळा, मासेबाजार, किनाऱ्यावरचं लॉज. पुण्याच्या कुणीतरी त्या लॉजमध्ये समुद्राकडची खोली आहे का म्हणून विचारलंसुद्धा. इथवर ठीक. पण त्याच दिवशी आणखी कुणीतरी आमच्या गावाच्या पानावर लिहिलं की दुपारी देवळापाशी जादा टँकर येणार. बायांनी घागरी रांगेला लावल्या. टँकर आला नाही. माझी चुलती उन्हात चक्कर येऊन पडली, आणि लिहिणारा हरामखोर कुठंतरी हसत बसला असेल. तिसरी चेष्टा खुद्द बप्पांच्या नावानं. 'उत्तमबप्पा आपल्याला सोडून गेले', खाली हार घातलेला फोटो. दुपारपर्यंत ती बातमी जिल्हाभर फिरली. मग बप्पांनीच ती पुसली आणि शेरा मारला, "सदर इसम हयात आहे."

म्हणून यंदा धुळवडीच्या आधी नियम करायचे ठरले. मसुदा अर्थातच बप्पांचा. चेष्टा सूर्य उगवल्यावर सुरू करावी, अंगावरचा रंग उतरायच्या आत पुसावी. बाईच्या नावानं चेष्टा नको. धुळवडीच्या रिवाजाप्रमाणे जावयाला गाढवावर बसवल्याचा फोटो टाकण्यापूर्वी जावयाची संमती घ्यावी. यावर दोन दिवस वाद झाला की गाढवाच्या मालकाची पण घ्यावी का. सिरसाळ्याचं पोरगं म्हणालं, "बप्पा, गाढवालाच इचारा की." बप्पांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं.

मोबाइलवरच्या बैठकीत मी सरळ मागणी केली, सगळ्याच चेष्टा बंद करा. पोरगं भडकलं. माझ्या बंदरानं कुणाचं काय बिघडलं, म्हणालं. तेव्हा बप्पा बोलले.

"समुद्र चालंल, टँकर न्हाई. केजात समुद्राची वाट कुणी बघत बसत न्हाई. ज्याची माणूस वाट बघतंय, त्याची चेष्टा करायची न्हाई. नोंद घ्यावी."

इतकं नेमकं मला सात पत्रकांत लिहिता आलं नव्हतं, आणि राग त्याचाही आला.

पण शेवटचं कलम वाचलं आणि माझा पारा चढला. 'जिवंत माणसाला मृत दाखवू नये. हे कलम राखणदारास लागू नाही.' म्हणजे नियम करणाराच नियमाबाहेर. साहेब, सरपंच, चेअरमन, सगळ्यांची हीच रीत. मी लांबलचक निषेध लिहिला, सह्या गोळा केल्या आणि नियमांवरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी बप्पांच्या घरी गेले.

बप्पा ओसरीवर एकटेच शेंगा सोलत होते. मी उभ्यानंच विचारलं, "स्वतःला सवलत काहून ठेवली, बप्पा? लेकीला मारताना कलम आठवलं न्हाई, आन् आता कलम करताना सवता बाजूला?"

त्यांनी शेंगा सोलता सोलताच तुटक तुटक जे सांगितलं ते असं. गेल्या धुळवडीला ते इथंच बसले होते, पोरांनी तोंडाला लावलेला हिरवा रंग तसाच. गल्लीच्या तोंडापासून रडणं ऐकू आलं. रेखा होती. बाप गेल्याची बातमी वाचून कड्याहून जीप बदलत आली होती, कडेवर पोरगं, पायात चप्पल नाही. दारात आली आणि बापाला बघितलं. बाप जिवंत, तोंड हिरवं. मग तिनं पदरानं त्यांचं तोंड खसाखसा पुसलं, रागानं, कातडं निघेल असं. एक शब्द बोलली नाही, पाणी प्याली नाही, निघून गेली.

"लग्नानंतर तेवढीच आली," बप्पा म्हणाले. "मी मेलो तर येती ती. म्हणून सवलत ठेवली. कुणी टाकलं औंदा परत, तर टाकू द्यावं."

"फोन लावा की सरळ."

"मी तिला मेली म्हणलंय, ताई. मेलेल्या माणसाला फोन कसा लावायचा?"

मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला संताप आला. उन्हातान्हात अनवाणी पळत यायचं तिनं, आणि यांना हवं आहे तेच परत. मी म्हणाले, "टँकरवाल्यात आन् तुमच्यात काय फरक राहिला? तीबी वाटच बघतीया." बप्पांच्या हातातली शेंग फुटलीच नाही. दुसऱ्या दिवशी मतदान झालं आणि सवलत गेली. सवलत काढावी या बाजूला बप्पांचंही मत होतं.

धुळवडीला बप्पा सकाळपासून राखणीला बसले. समुद्र ठेवला, बाकी सगळं पुसत गेले. यंदा पानावर त्यांना कुणी मारलं नाही. दुपारी मीच रेखाला फोन लावला. आमच्या बायकांच्या बैठकीमुळं तिचा नंबर माझ्याकडं होता. जे झालं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मागं मेंढरं ओरडत होती.

"मी न्हाई येणार," ती म्हणाली. "त्यान्ला म्हणावं, आधी मला जिती करा. मंग बघू."

मी तशीच बप्पांकडे गेले आणि निरोप शब्दाशब्दानं सांगितला, एकही शब्द मऊ केला नाही. वाटलं, आता कुठलं तरी कलम काढतील. बप्पांनी मोबाइल पालथा ठेवला.

"आवाज कसा हाय तिचा?" त्यांनी विचारलं. "उन्हाळ्यात बसायचा. ल्हानपणी लई बसायचा."

"खणखणीत हाय," मी म्हणाले.

"बसला असंल तर सांगा. जेष्ठमध देत होतो मी."

"न्हाई बसलेला, बप्पा."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, ती नेमकं कसं म्हणाली, तिच्यासारखं म्हणून दाखवता का. मी म्हणून दाखवलं. मग आणखी एकदा.