जावईबापूंची टोपी

"टोपी म्हणजे काय गं? वर छत, खाली भिंत! आम्ही कारखान्यात अख्ख्या यंत्रांचे नकाशे काढतो. टोपी विणायला असं काय लागतं?"

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहून श्यामकांतने हे जाहीर केलं, आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

सन बावन्नची गोष्ट. श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढणारा साहेब. बायको नीलिमा पहिल्या बाळंतपणाला बदलापूरला माहेरी गेलेली. मुलगा झाला म्हणून हा पेढे घेऊन गेला, तर ती बाजेवर बसून क्रोशाच्या सुईने बाळाची टोपी विणत होती. टोपी जराशी वाकडी होती. शहाण्या नवऱ्याने तिकडे बघितलं नसतं. याने बघितलं, वर हसला!

नीलिमाने सुई खाली ठेवली.

"मग तुम्हीच विणा. बारशाला तुमच्या हातची टोपी बाळाच्या डोक्यावर बसली, तर त्याच दिवशी मी तुमच्याबरोबर अंबरनाथला येते. नाही बसली, तर संक्रांतीपर्यंत इथेच!"

"ठरलं! आणि टोपी झाल्याशिवाय मी या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही!"

हे दुसरं वाक्य त्याला कोणीही मागितलं नव्हतं. नीलिमाच्या माहेरी बारसं तिसऱ्या महिन्यात करायची रीत होती. म्हणजे तोवर बायको नाही, बाळ नाही, समोर नुसता नवा कोरा रिकामा पाळणा. कारखान्यातून घरी आलं की श्यामकांत त्या पाळण्याकडे पाठ करून जेवायला बसायचा.

आई शिकवेल म्हणावं, तर माईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिची सुईदोऱ्याशी कधीच फारकत झालेली. शेवटी त्याने उल्हासनगरचा कॅम्प गाठला. तिथे एक सिंधी म्हातारी लोकर विकायची. सगळं गिऱ्हाईक तिला अमां म्हणायचं.

"मरद होके क्रोशिया?" अमांने चष्मा वर केला.

"बच्चे के वास्ते."

"तो बच्चे का सिर लेके आ, पुट. नाप लूँगी."

"सिर बदलापूर में है. और मैं उधर जा नहीं सकता."

"बीवी ने निकाल दिया?"

"नहीं, नहीं! मैंने खुद कसम खाई है!"

अमांने दया येऊन लाल लोकरीची एक लडी जास्तीची दिली. मग साखळी कशी घालायची, तिच्यात खांब कसे विणायचे, गोल वाढवत कसं जायचं, हे दाखवलं. पुढचं सांगायला ती तोंड उघडते तोच साहेब "समझ गया, समझ गया!" म्हणत उठलेसुद्धा!

घरी येऊन त्याने वाढवायला घेतलं. वाढवलं, वाढवलं, खूप वाढवलं. टोपी काही खाली वळेना! बोटांना चट्टे पडले, मान धरली, आणि हातात एक भलीमोठी लाल चकती आली. माईने ती चाचपली.

"छान केलंस रे श्याम! दुधाच्या पातेल्यावर बरोबर बसेल. जाळी आहे, वाफ कोंडायची नाही."

श्यामकांतला रडूच यायचं बाकी होतं. तो परत अमांकडे धावला.

"अरे, बढ़ाना बंद करेगा तब मुड़ेगी ना!"

"बंद कब करूँ?"

"सिर जितना हो जाए तब."

म्हणजे पुन्हा डोकंच! एका रविवारी श्यामकांतने मनाचा हिय्या केला. सोला हॅट चढवली, बॅगेत मोजपट्टी टाकली आणि जवळच्या बुवापाड्यात शिरला. तान्ह्या बाळांना तिथे तोटा नव्हता. पहिल्याच दारात त्याने बॅग उघडून विचारलं, "बाई, घरात लहान मूल आहे का?"

दारातली रखमाबाई हॅटकडे, बॅगेकडे आणि चकाकत्या पट्टीकडे बघून किंचाळली, "आगं पळा! देवी टोचनारा आला! पोरं लपवा!"

क्षणात सगळ्या पाड्याची दारं बंद! परसात पोरं, माळ्यावर पोरं, कणगीमागे पोरं!

"अहो, मी डॉक्टर नाही! मला फक्त डोकं मोजायचंय!"

"आता डोक्याला टोचत्यात व्हय!" दारामागून कोणीतरी हंबरडा फोडला.

रखमाबाईचा शाळेत जाणारा पोरगा तेवढा कडीत सदरा अडकून बाहेर राहिला होता. श्यामकांतने त्याचंच डोकं मोजलं. पोरगा असा भोकाड पसरून रडला की पट्टीवरचा आकडा थरथरला. त्या मापातून श्यामकांतने अंदाजाने थोडं कमी केलं. मग बाळ बारशापर्यंत वाढलं असेल म्हणून थोडं जास्त धरलं. मग भीती वाटून आणखी थोडं.

बारशाच्या आदल्या दिवशी टोपी पुरी झाली. अगदी सुबक! श्यामकांतने ती स्वतःच्या डोक्यावर घातली, तर कानांखाली आली. तो पुन्हा अमांकडे पळाला.

"गरम पानी में डुबो. थोड़ी सिकुड़ेगी," अमांने उपाय सांगितला.

पण थोडक्यावर भागवणारा तो साहेबच नव्हे! त्याने धुण्याच्या पातेल्यात पाणी उकळलं, सोडा घातला, साबण किसला, टोपी सोडली आणि मन भरेपर्यंत काठीने ढवळली. बाहेर काढली तेव्हा ती मुठीत मावत होती. वाळल्यावर मेजावर आपटली, तर टक्क आवाज आला.

त्या टोपीकडे बघत तो चुलीपाशी बसून राहिला. बायकोमुलाचं तोंड पाहायला तो आसुसला होता, आणि हे असलं काहीतरी हातात घेऊन जायचं!

बारशाला बदलापूरचं घर बायकांनी भरलं होतं. नीलिमाने टोपी बाळाच्या डोक्यावर ठेवली. ती टाळूवर उभी राहिली आणि घरंगळली. दुसऱ्यांदाही घरंगळली. नीलिमाचं लक्ष नवऱ्याच्या बोटांवरच्या चट्ट्यांकडे गेलं. ती विरघळलीही असती, पण बाकीच्या बायकांना कुठला दम! रीतीप्रमाणे बाळाच्या आधी पाळण्याखालून द्यायचा-घ्यायचा वरवंटा कुंचीत गुंडाळून तयार होता. कोणीतरी ती टोपी त्याच्या टोकावर चढवली. चपखल बसली!

"आगोबाई! अगदी बापाच्या वळणावर गेलाय!" एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या बायका हसून हसून लोळल्या. नीलिमाने तोंडाला पदर लावला, पण खांदे गदगदत होतेच.

"शब्द म्हणजे शब्द," तिने डोळे पुसत निकाल दिला. "ज्याच्या डोक्यावर टोपी बसली, त्याला घेऊन जा अंबरनाथला!"

"अगं, पण उद्या मी वाटण कशाने वाटू?" सासूबाई ओरडत राहिल्या. तोवर बायकांनी कुंचीतला वरवंटा जावयाच्या हातात ठेवलासुद्धा. श्यामकांत इतका खचला होता की तो तसाच छातीशी धरून स्टेशनाकडे निघाला.

अंबरनाथला दार उघडलं, तर गुडघ्यांमुळे घरी राहिलेली माई भाकरतुकडा घेऊन उभीच! धूसर डोळ्यांना कुंची दिसली, लाल टोपी दिसली. तो काही बोलायच्या आत तिने ओवाळून तुकडा टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि हात पुढे करून नातू घेतला. भाराने तिचे हात खाली गेले.

"बाई बाई बाई! बाळसं काय धरलंय रे! आणि सूनबाई कुठाय?"

श्यामकांतने चपला काढल्या.

"मागून येतेय," तो म्हणाला. "संक्रांतीला."