अडीच तासांत अमेरिका

पहाटे चार वाजता ज्योत्स्नाचं विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोकडे उडालं. चार वाजून पाच मिनिटांनी इकडे आमच्या मानोरा गावात तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या शेजारच्या गोजरामावशींनी, जाहीर केलं, "पोरगी जमिनीवर टेकत नाही तोवर पान्याचा थेंब घेनार नाही!"

त्यांचे चिरंजीव दौलतराव हादरले. "आई, अन् बीपीची गोळी?"

"गोळी पान्याबिगर जाते काय रे?"

मी मात्र निश्चिंत होतो. गेली बावीस वर्षं पेपरला तालुक्याच्या बातम्या देतोय. आकडा तीनदा तपासल्याशिवाय पुढं पाठवत नाही! ज्योत्स्नाच्या तिकिटाची प्रत मागवली. सुटणार ४.००, पोचणार ६.३०, तारीख तीच. तीनदा वजाबाकी केली.

"मावशी, फक्त अडीच तास! साडेसहाला गोळी आणि चहा. माझी गॅरंटी!"

"अडीच तासात बारा हजार किलोमीटर?" दौलतराव म्हणाले. "आपली एसटी तेवढ्यात अमरावतीले पोचत नाही भाऊ!"

"छापलंय इथं!" मी म्हणालो. छापलेल्यावर माझा विश्वास आहे. माझं पोटच त्यावर चालतं.

साडेसहा वाजले. ज्योत्स्नाचा फोन बंद. सात. आठ. चहा तीनदा उकळून डांबर झाला! नऊला निम्मी गल्ली अंगणात. मी मोबाइलवर विमान कुठं आहे ते पाहिलं आणि माझंच बीपी चढलं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे आणि विमान चाललंय उजवीकडे, जपानकडे!

"पायलट उलटा चालला!" हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं, हे नमूद करतो.

मावशींनी पदर तोंडाला लावला. "पेपरवाल्या बाबू, त्याले फोन लाव! वापस फिर म्हन!"

गलका ऐकून घड्याळ दुरुस्तीवाले युनूसभाई आले. तिकीट पाहून हसतच सुटले. मावशींच्या टोपलीतलं संत्रं उचलून त्यांनी माझ्याच बॉलपेननं दोन ठिपके दिले.

"हे मानोरा. हे मागं अमेरिका. इकून जा नाहीतं तिकून, पोचतेच! अन् तिकडचं घड्याळ साडेतेरा तास मागं. साडेसहा त्यायचे, आपले रात्रीचे आठ!"

सगळं अंगण माझ्याकडे पाहू लागलं.

"म्हंजे सोळा तास?" मावशी म्हणाल्या.

"हो," मी कबूल केलं.

"मंग पेपरात काय छापता रे तुमी?"

"मावशी, गोळीपुरतं तरी पाणी घ्या!" मी हात जोडले.

"पान्याचं नाव काढू नोको!" मावशी संत्र्याकडे पाहत म्हणाल्या.

सायंकाळी पाचची ताजी माहिती. विमान समुद्रावर आहे. उपास चालू असल्याचं मावशी स्वतः सांगतात. पाकिटातली एक गोळी कमी आहे. खाटेखाली संत्र्याची साल सापडली असून तिच्यावर मानोरा आणि अमेरिका शाबूत आहेत. आतली पृथ्वी कुठं गेली, याला अद्याप दुजोरा मिळालेला नाही.