अकरा बायांचे 'हे'

वधू-वर मेळावा उद्यावर आला होता, आणि हेमराजच्या कंप्युटरनं खुशबूला त्याची सख्खी बहीण ठरवून टाकलं होतं! जिच्याशी जुळावं म्हणून त्यानं समाजाच्या मंडळाचं हे स्थळं जुळवायचं काम फुकटात अंगावर घेतलं, तीच बहीण?

मांडणी तशी सरळ होती. कंप्युटरमधल्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, घरप्रमुख, दुसऱ्यात मुलंमुली. प्रत्येक मुलापुढं बापाचं नाव, आणि त्या नावावरून दोन्ही टेबलं जोडलेली. एका नावाची एकच ओळ. बाप एक, तर स्थळ जुळवायचं नाही, असं कंप्युटरला बजावलेलं. घरांना नंबर द्यायचे सोडून नावावर भिस्त ठेवली, तिथंच शहाण्यानं माती खाल्ली.

त्यानं स्वतःच्या बापाची ओळ उघडली. नाव होतं, 'हे'.

"आई, मोबाइलवरच्या फारमात बाबाचं नाव काय लिहिलं तुनं?"

"'हे' लिहिलं," सिंधुताई म्हणाली. "नवऱ्याचं नाव घेते काय कोणी? आपल्या वस्तीतल्या, कैंप-१ च्या, आमी साऱ्या बाया संगंच बसलो होतो. रिसालीहून आलेल्या भय्याजीच्या बाईनं पयले भरला, तिचं पाहून आमी भरला."

अकरा बाया, अकरा 'हे', आणि कंप्युटरला ठाऊक एकच! त्या ओळीला पहिल्या फॉर्मचा पत्ता आणि फोन नंबर चिकटला, बाकी दहा घरांची पोरं तिलाच जोडली गेली. आणि घरांची, स्थळांची ती यादी सकाळीच समाजाच्या ग्रुपवर गेलेली!

हेमराजनं धडाधड घराघराला नंबर दिले, त्याच्यापुढं खुशबूचं स्थळ जुळलेली नवी यादी छापली आणि रिसालीला भय्याजींचं घर गाठलं. भय्याजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, खुशबूचे वडील. ती तिथंच उभी होती.

"यादी चुकली होती, भय्याजी," हेमराज चाचरत म्हणाला. "खुशबू माझी बहीण नाही."

"सकाळी बहीण, दुपारी नाही?" भय्याजी कडाडले. "सारा समाज पाहून राहिला! जुनीच यादी सही. खुशबू, राखी बांध याले."

हेमराजनं मनगट पाठीमागं लपवलं. खुशबूनं मात्र शांतपणे मोबाइल काढला.

"चालन, बाबा. जुन्या यादीत 'हे'च्या पुढं तुमचा नंबर हाय, आपला पत्ता हाय, अन् खाली अकरा बायांचे पोरं हायेत, मायच्या नावासकट. मम्मीले दाखवू?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"कोणत्या अकरा बाया जी?" आतून खुशबूच्या आईनं विचारलं.

भय्याजींनी हेमराजच्या हातातली नवी यादी ओढलीच.

"हीच यादी सही हाय!" ते आतल्या दिशेनं ओरडले. मग हेमराजकडं वळून म्हणाले, "उभे कावून, जावई? बसा ना!"