उद्धवराव. उद्या. सगळ्यांनी या!

निरोप कसा द्यावा हे उटनूरच्या पट्ट्यात माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं! ब्याण्णव साली मी सरकारी वायरलेसवर होतो. मी एकदा बोललो की तीन गावांच्या चौक्यांवर एकदमच ऐकू जाई आणि तिथून गावात पोचे. जवळच्या चौकीला लख्ख, मधल्या चौकीला तुटक, डोंगरामागच्या चौकीला जेमतेम. म्हणून मी युक्ती काढली होती. मुख्य गोष्ट सावकाश, तीनदा. त्याखालची जोरात, पण एकदाच. बारीकसारीक शेवटी, भरभर. ज्याचा सेट जसा, तसं त्याच्या पदरात पडेल!

माझ्या बहिणीची, चंद्रभागाची, दोन स्थळं परत गेली होती. तिसरं जुळलं आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. भाऊबंद तिन्ही गावांत. साहेब दौऱ्यावर. मी माईक उचलला.

"उद्धवराव. उद्या. सगळ्यांनी या!" तीनदा. उद्धवराव म्हणजे आमचे बाबा. मग एकदा, "जेवण आहे!" आणि शेवटी भरभर, "चंद्रभागाचं साक्षगंध, पाहुणे नऊला येऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावचे नटूनथटून आले. पाहुण्यांना माझे पोहे वाढून होतात तोच डोंगरामागची बैलगाडी दारात थांबली आणि प्रयागबाई आत्यानं हंबरडा फोडला, "दादा रे! काऊन गेला रे!"

आमच्याकडे शुभकार्याचं बोलावणं कारणासकट, ऐसपैस येतं. कारण न सांगता नुसतं 'या' म्हटलं की गेलं कोणीतरी! हे मला तेव्हा आठवलं.

बाबा पुढं झाले. "मी कुठं गेलो? चहा पिऊन राह्यलो!"

एवढ्यात मधल्या गावाहून डोमाजीकाका आले, रागानं लाल. "जेवण म्हंजे तेरवीच! बारा दिस आमाले खबर नाही?"

"तेरवी कायची?" आत्या रडता रडता कडाडली. "अजून माती व्हायची हाये!"

"मंग जेवण कायचं?"

"अरे, मी जित्ता हाये!" बाबा ओरडले.

"दादा, तुमी मंधात बोलू नका!" आत्यानं त्यांनाच गप्प केलं.

नवऱ्या मुलाचे वडील, सुधाकरराव, उठून उभे राहिले. तिसरंही गेलं! दारामागं चंद्रभागा पांढरीफटक. मी हात जोडून सगळं कबूल केलं.

सुधाकरराव आत्याकडं वळले. "अर्ध्या निरोपावर धावून येतात ही माणसं? मंग अशाच घरची पोरगी पाह्यजे आमाले!"

साक्षगंध झालं. आत्या दोनदा जेवली. मी छाती फुगवून बाबांजवळ गेलो. "पाह्यलं बाबा? निरोप कामी आला!"

"पाह्यलं ना," बाबा म्हणाले. "माह्यासाठी प्रयाग रडली. डोमाजी भांडला. पोटचा पोरगा तेवढा पोहे वाढून राह्यला होता!"