आप्पा मगदुमांचं जर्मन

आमच्या सांगलीच्या घराशेजारचे आप्पा मगदूम म्हशीशी जर्मन बोलत.

मुलांनो, ही थट्टा नाही. सकाळी आम्ही चहा घेत असू आणि कुंपणापलीकडून तोफ सुटल्यासारखा आवाज येई, "आउफश्टेएन!" म्हैस ताबडतोब उठून उभी राही. "श्नेल, श्नेल!" म्हटलं की हौदाकडे चालू लागे. "हाल्ट!" म्हटलं की थांबे. तुमचे आजोबा कॉलेजात शिकवत; त्यांच्या वर्गातली मुलं त्यांचं इतकं ऐकत नसत. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणत, "आप्पा, सांभाळा. उद्या दूधही जर्मन निघेल."

"निगू द्या की," आप्पा म्हणत. "माज्या नातीलाच पाजायचंय."

ती नात त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. त्यांचा एकुलता मुलगा बापू इंजिनियरिंग शिकून जर्मनीला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. त्याला मुलगी झाली, तिचं नाव आनी. पुढच्या उन्हाळ्यात तिघंही सांगलीला येणार असं कळलं आणि आप्पांची झोप उडाली. पोर आपल्याशी बोलणार कशी? तिला मराठी येत नव्हतं. आप्पांची साठी उलटलेली, बायको कधीच गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. त्यांनी सरळ ठरवलं की आपणच जर्मन शिकायचं.

सांगलीत जर्मन शिकवणारा मिळेना. मग कुणीतरी सांगितलं, साताऱ्यात एक शाळा निघाली आहे. सायकलच्या दुकानावर माडी, माडीवर पाटी, 'जर्मन भाषा विद्यालय'. चालवणारे एक निवृत्त हवालदार. महायुद्धात ते आफ्रिकेत पकडले गेले होते आणि पुढे जर्मनांच्या छावणीत कैदी होते. आपल्या सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस पलटणीत, तेव्हा हवालदार जर्मन शिकवतो याचं कुणाला नवल वाटलं नाही. खुद्द जर्मनांत राहून आलेला माणूस! याहून चांगला मास्तर कुठला?

दर रविवारी आप्पा पहिल्या एसटीनं साताऱ्याला जात. बरोबर गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणि फडक्यात भाकरी. ते जैन, सूर्य बुडाल्यावर अन्नाला शिवत नसत. परतीची गाडी उंब्रजपाशी येईतो अंधार पडे, म्हणून रविवारी ते एकदाच जेवत. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

सोमवारी सकाळी माझ्यासमोर उजळणी.

"वैनी, जर्मन पोटातनं बोलायचं आसतंय. आपली मराठी गळ्यातनं. म्हणून तर आपलं कोण ऐकत न्हाई."

वर्गात बाकं नव्हती. विद्यार्थ्यांनी भिंतीशी रांगेत ताठ उभं राहायचं आणि शब्द ओरडून म्हणायचे. बाकीचे सगळे तरुण होते, जर्मनीत नोकरीची आशा धरून आलेले. त्यांच्यात धोतर नेसलेले आप्पा एकटेच. आवाज मात्र त्यांचाच सर्वांत मोठा, असं ते अभिमानानं सांगत.

मला इंग्रजी येत होतं, जर्मन नव्हतं. तरी मी एकदा विचारलं, "आप्पा, 'ये बाळ, माझ्याजवळ बस', हे कसं म्हणायचं?"

"ते फुडं हाय. आदी शिस्त, मग गोडी, आसं मास्तर म्हणत्यात."

गोडीचा धडा काही आला नाही. उन्हाळा मात्र आला. तेव्हा आप्पांनी आहे त्या शब्दांतूनच नातीसाठी एक वाक्य जुळवलं. पोर गाडीतून उतरून धावत सुटेल, तिला म्हणायचं, थांब. मग म्हणायचं, हात वर कर. म्हणजे उचलून घेता येईल. मग, चल लवकर लवकर. कुंपणाशी उभं राहून त्यांनी मला हे सगळं करून दाखवलं. हवेतल्या हवेत नात उचलली, खांद्यावर बसवली आणि हसले. मलाही ते फार आवडलं होतं.

मिरज स्टेशनवरून टॅक्सी आली. आम्ही सगळे दारात. आप्पांनी नवं धोतर नेसून पांढरा फेटा बांधला होता. पिवळ्या केसांची चार-पाच वर्षांची मुलगी उतरली, आणि आप्पा टाचा जुळवून, छाती काढून, अगदी पोटातून गरजले,

"हाल्ट! हेंडे होख! श्नेल! श्नेल!"

पोर जागच्या जागी थांबली. तिनं दोन्ही हात वर केले. चेहरा पांढरा पडला, तरी हात तसेच वर होते. आप्पांना वाटलं, कळलं हिला! ते आनंदानं पुढे झाले. तेवढ्यात सून टॅक्सीतून उडी मारून आली, मुलीला छातीशी धरलं आणि कुणाकडे न बघता घरात गेली. आतून पोरीचं रडणं ऐकू येऊ लागलं.

बापूनं टॅक्सीवाल्याला पैसे दिले. मग म्हणाला, "आप्पा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"का रं? चुकलं?"

"चुकलं नाही. हे कैद्यांवर ओरडायचं बोलणं आहे. बंदूक रोखून म्हणतात असं. आनीची आई लहान असताना तिच्या घरामागच्या रस्त्यानं कैद्यांचे तांडे हाकत नेत. हेच शब्द ऐकत ती मोठी झाली."

आप्पा खाली बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

रविवारी ते पुन्हा साताऱ्याला निघाले. तुमचे आजोबा मला म्हणाले, "तुला साताऱ्याला माहेरी जायचंच आहे ना? जा त्यांच्याबरोबर. नाहीतर त्या मास्तराचा गळा धरतील."

मी गेले. माडी चढलो तेव्हा वर्ग चालू होता. भिंतीशी चार तरुण ताठ उभे होते. हवालदार किडकिडीत, एका पायानं लंगडत त्यांच्यासमोरून फिरत होते.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "तुमी आमाला काय शिकवलंत?"

"जर्मन."

"हे कैद्यांचं बोलनं हाय म्हणत्यात!"

"मी कैदीच हुतो की, आप्पा."

"नात भ्याली वो माजी! हात वर करून हुबी ऱ्हायली. न्हान्या पोराशी काय बोलत्यात, ते का न्हाई शिकवलं?"

हवालदारांनी हातातली पट्टी खिडकीत ठेवली. "ते माज्याम्होरं कोण बोललंच न्हाई," ते म्हणाले. "त्या मुलकात ऱ्हायलो तवर माज्याशी जे बोलले, तेवडंच मला येतंय. मला वाटलं, त्येंची भाषाच तशी हाय."

रांगेतल्या एका मुलानं कोपऱ्यातल्या चपला उचलल्या आणि हातात धरूनच तो जिना उतरला. मग दुसरा उतरला.  आप्पा हवालदारांकडे बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "जेवलाय का?" फडकं सोडून त्यांनी अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. दोघं खिडकीशी बसून, एकमेकांकडे न बघता खात होते. ती शाळा नंतर उघडली नाही असं माहेरच्यांकडून कळलं.

घरी सगळं अवघड होऊन बसलं होतं. बापू म्हणे, "तुम्ही मराठीत बोला, आप्पा, मी तिला सांगतो." पण प्रश्न भाषेचा उरलाच नव्हता. आप्पांचा नुसता आवाज आला, अगदी गड्याला हाक मारली तरी, आनी आईच्या मागे जाई. म्हणून आप्पांनी बोलणंच सोडलं. माझ्याशीही ते खुणेनं बोलत. म्हशीला आता गडी सोडू लागला.

सुनेला थोडं इंग्रजी येई, म्हणून दुपारी मी तिच्याकडे जात असे. ते तिघं परत जायच्या आदल्या दिवशी ती आणि बापू बाजारात गेली आणि झोपलेल्या मुलीकडे लक्ष ठेवायला मला सांगून गेली. मी दाराशी पोचले तर आतून बारीक आवाज येत होता. पोटातला नव्हे, गळ्यातलाही नव्हे, नुसता श्वासाइतका.

आप्पा खाटेशी जमिनीवर बसले होते. हातपंख्यानं तिला वारा घालत होते आणि बोलत होते.

"तुजा बा बी आसाच झोपायचा. उताणा. ह्याच खाटंवर... तुजी आजी पायजे हुती गं. कानडी मुलकातली. लगीन हून आली तवा माजं एक आक्षर कळायचं न्हाई तिला. मला बी तिचं न्हाई. मी भाकरी मागायचो, ती पानी आणायची. लय हसायचो आमी. झालंच की मग समदं... तिनं तुला कवाच बोलतं केलं आसतं. मला न्हाई बघ जमलं."

आनीनं कूस बदलली आणि डोळे उघडले.

आप्पा वाक्याच्या मधेच थांबले. एका हातानं त्यांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं, दुसऱ्या हातानं पंखा आवाज न करता फरशीवर ठेवला, आणि तसेच मागे मागे सरकत खोलीबाहेर आले. माझ्या शेजारून गेले, तरी तोंडावरचा हात त्यांनी काढला नाही. अंगणात उन्हात जाऊन ते घराकडे पाठ करून उभे राहिले.