विसूभाऊंचा खुनी जेवायला बसतो

विसूभाऊ मयेकरांच्या कादंबऱ्यांतल्या एकाही खुन्याला आजवर धड खून करता आलेला नाही. बिचारा सुरा उपसून अंधारातून येतो, खिडकीवर चढतो, आत डोकावतो, आणि आत घरधनीण तांदळाची भाकरी थापत असते. ती वर बघते आणि म्हणते, "आलात? हातपाय धुऊन घ्या." झालं! खुनी हातपाय धुतो आणि पुढची दोन प्रकरणं जेवतो. तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण, वर सोलकढी, मग सुपारी. सुऱ्याचा उपयोग एवढाच, की सुपारी कातरायला अडकित्ता सापडत नसतो.

ही आगबोटींच्या जमान्यातली, तीस सालानंतरची गोष्ट. विसूभाऊ रत्नागिरीच्या कोर्टात नकला करणारे कारकून होते, ते पेन्शनीत निघालेले. मुलगे मुंबईला गिरणीत. घरात ते आणि त्यांच्या न खपलेल्या कादंबऱ्या, एवढाच प्रपंच. कादंबरी लिहायची, पेन्शनीतून छापायची, आणि रस्त्यात जो भेटेल त्याला थांबवून ती सांगायची.

"अहो, रोमांच उभे राहतील, रोमांच!" असं म्हणून ते सदऱ्याची बाही वर सारायचे आणि आपला हात समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. "हे बघा. मला लिहितानाच उभे राहिले." त्या हातावर चार पांढरे केस होते आणि ते बारा महिने उभेच असायचे. पण माणूस इतका खूष असायचा, की नाही म्हणायची आपली छाती होत नसे. मी म्हणायचो, "हो हो, उभे आहेत."

त्यांनी सगळे प्रकार करून पाहिले. 'रक्ताळलेला बुरूज' ही ऐतिहासिक. मुखपृष्ठावर तलवारी, धूर, घोडे, सगळं काही. किल्ल्याला वेढा पडतो. चौथ्या प्रकरणात किल्लेदारीण तटावरून खाली बघते, तर मोगल सरदार अगदी वाळलेला. "अगो बाई, ह्याला कुणी वाढत नाही की काय?" म्हणते आणि दोरानं भाकऱ्यांची टोपली खाली सोडते. तिथून तो वेढा असा रेंगाळतो, की तो उठावा असं दोन्ही बाजूंना वाटेनासं होतं. 'सुधारणेचा वणवा' ही सामाजिक. बाप आणि मुलगा एकमेकांचं तोंड बघणार नाही म्हणून शपथा घेतात, तेवढ्यात आई म्हणते, "पानं वाढलीत." दोघं बसतात. कुळथाची पिठी भुरकताना कोण भांडणार? सुधारणा तिथंच राहिली. आणि 'वडावरची हडळ'मध्ये तर हडळीनं नायकाचा गळा धरलाय, त्याचे डोळे पांढरे झालेत, आणि तो कसाबसा विचारतो, "बाई, जेवलीस का?" हडळ मटकन खाली बसते आणि ओक्साबोक्शी रडते. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

आमच्या गावचे पुस्तकवाले वामनशेठ या प्रकारानं हैराण झाले होते. त्यांच्या दुकानात ऐतिहासिकचं एक कपाट, सामाजिकचं एक, आणि अगदी दर्शनी, काचेचं कपाट डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचं. कारण आगबोटीला जाणारी माणसं डिटेक्टिव्हच मागायची. विसूभाऊंचं पुस्तक हातात घेऊन वामनशेठ म्हणायचे, "अहो, पण लावू कुठं?" शेवटी त्यांनी 'रक्ताळलेला बुरूज' पाकशास्त्राच्या पुस्तकांत लावला. तिथंही तो खपेना. पाकशास्त्र घेणाऱ्या बायांना मोगल नको होते.

आता मीही काही फार शहाणा नव्हे. मी शाळामास्तर, पण एक ऐतिहासिक कादंबरी मीही पदरमोड करून छापलेली होती. तिचे गठ्ठे वामनशेठच्या माळ्यावर धूळ खात होते. एका दिवाळीला वामनशेठनी साफसफाई काढली आणि निरोप धाडले, की ज्यानं त्यानं आपापले गठ्ठे घेऊन जावे. मी गेलो, तर तिथं गठ्ठे न्यायला तिघं आधीच उभे. एक विसूभाऊ. दुसरे पूर्णगडचे इब्राहिमभाई तांडेल, जन्मभर गलबतं हाकलेले, ज्यांच्या कादंबरीत दर प्रकरणाला तुफान. तिसऱ्या मुलींच्या शाळेतल्या काशीताई, मूळच्या बुरोंडीच्या, ज्यांच्या कादंबरीत दर पानाला अश्रू. चौघंही चोरी पकडल्यासारखे एकमेकांकडे बघत होतो.

विसूभाऊंनी मात्र टाळीच वाजवली. "अहो, म्हणजे आपण चौघं आहोत! मी आपला समजत होतो, की मी एकटाच वेडा!"

तिथंच, गठ्ठ्यांवर बसून, त्यांनी 'पदरमोड मंडळ' काढलं. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या पडवीत बैठक. नियम एकच: आपली कादंबरी आपण वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचायची. आणि काय सांगू, काय ती वाचनं! काशीताईंची नायिका विहिरीच्या काठावर उभी राहून "प्राणनाथा, मी अबला काय करू?" म्हणते, ते इब्राहिमभाईंनी शीड उतरवायचा हुकूम द्यावा तशा आवाजात वाचलं. आळीतली कुत्री उठून गेली. काशीताईंनी इब्राहिमभाईंचं तुफान इतकं हळू आणि गोड वाचलं, की ते स्वतःच म्हणाले, "ताई, ह्या असल्या वाऱ्यावर माझं गलबत हलायचंसुद्धा नाही!" हसून हसून आमच्या मुरकुंड्या वळायच्या. विसूभाऊ सगळ्यांत जास्त हसायचे आणि आम्ही जायला उठलो की म्हणायचे, "एवढ्यात? बसा हो जरा."

अशात वामनशेठनी एक दिवस विसूभाऊंना शब्द दिला. "एक नीट डिटेक्टिव्ह आणा. प्रेत पहिल्या पानावर पाहिजे. आणि अख्ख्या पुस्तकात कुणी जेवता कामा नये. आणलीत, तर काचेच्या कपाटात लावतो."

काचेचं कपाट! विसूभाऊ त्या दिवसापासून पार पाघळले. रोज संध्याकाळी दुकानावरून जायचे आणि कपाटात आपली जागा कुठली ते बघून यायचे. "मास्तर," मला म्हणाले, "एकदा त्या काचेमागं माझं नाव दिसू दे. मग मी मेलो तरी चालेल. तुम्ही मंडळी मदत करा. माझा हात आवरत नाही हो."

आम्ही कंबर कसली. विसूभाऊंनी 'पडावातलं प्रेत' लिहून आणली. आगबोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या पडावात एक प्रेत सापडतं आणि डिटेक्टिव्ह शार्दूल त्याचा छडा लावतो. सुरुवात फक्कड होती. पण शार्दूल साक्षीदाराच्या घरी गेला, की पाट मांडलाच. काशीताईंनी शाळेतली तांबडी पेन्सिल काढली आणि जेवणावळी खोडायला सुरुवात केली.

विसूभाऊ नुसते तळमळत होते. "हा कोळंबीचा भात तरी ठेवा. पोलीस पाटील लांबून आलेत हो, उन्हातून!"

"त्यांना पाणी द्या," काशीताई म्हणाल्या.

"बरं, निदान घावणे? ते काय, उभ्या उभ्यासुद्धा खाता येतात."

"विसूभाऊ," इब्राहिमभाई गरजले, "तुफानात सापडलं की माल दर्यात टाकावा लागतो. त्याशिवाय गलबत वाचत नाय. टाका!"

मीही म्हटलं, "टाका." विसूभाऊंनी डोळे मिटून घेतले आणि आम्ही भात, घावणे, कुर्ल्या, सगळं दर्यात टाकलं.

कादंबरी सुटसुटीत झाली. इब्राहिमभाईंनी ती वाचली तेव्हा 'धरा, धरा त्या हरामखोराला!' या वाक्यावर शेजारचे दोघं काठ्या घेऊन धावत आले. आम्ही म्हटलं, जमलं! छापून आली, काचेच्या कपाटात बसली, आणि देवाशपथ सांगतो, खपली. बंदरावर पडावाची वाट बघणारी माणसं ती वाचत बसायची आणि पडावात चढायला घाबरायची. कोर्टातले जुने साहेबसुद्धा विसूभाऊंना रस्त्यात थांबवून खुनी कोण ते आधीच सांगा म्हणून गळ घालायला लागले. मंडळानं पेढे वाटले. इब्राहिमभाईंनी विसूभाऊंना चक्क खांद्यावर घेतलं. आमच्यातला एक तरी काचेमागं गेला, म्हणून आम्हाला आभाळ ठेंगणं झालं होतं.

हळूहळू विसूभाऊंचा सदरा अंगावर सैल दिसायला लागला. काशीताई म्हणाल्या, "नाव झालं की लेखक वाळतातच." आम्हाला ते पटलं. आम्हाला काय, कुणाचं नाव कधी झालंय?

पुढं वामनशेठनी मला गाठलं. आणखी एक शार्दूल पाहिजे, शिमग्याच्या आत. ही आनंदाची बातमी घेऊन मी रविवारी भर दुपारी निघालो. घरी सुरमईचं कालवण चापून, ढेकर देत. पडवीतून हाक मारली, ओ नाही. म्हणून मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो.

विसूभाऊ पाटावर बसले होते. पुढ्यात ताटलीत पेज, गार होऊन वर साय धरलेली. कडेला भाजलेला बांगडा, बोटसुद्धा न लावलेला. मांडीशी कागद आणि डाव्या हातात शिसपेन्सिल. कागद कोरा होता.

"डाव्या हातानं लिहिता?" मी विचारलं.

"जेवताना उजवा गुंतलेला असतो ना," ते म्हणाले. मग जरा ओशाळून हसले. "ही गेली ना मास्तर, तेव्हापासून एकट्याला घास उतरत नाही. मग कुणाला तरी बोलवायचो. खुनी यायचा, मोगल यायचा, ती हडळ यायची. त्यांना वाढता वाढता माझंही जेवण होऊन जायचं. हा शार्दूल हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण तो दारातूनच चौकशी करतो नि जातो हो. बाकीच्यांना मी भरल्या पानावरून उठवलं. आता किती बोलावलं तरी येत नाहीत."

आम्ही तांबड्या पेन्सिलीनं काय खोडत होतो, ते आत्ता कळलं. वामनशेठचा निरोप ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"विसूभाऊ," मी म्हटलं, "मी सकाळपासून उपाशी आहे. घरी भांडण झालंय. काही आहे का खायला?"

"अहो, मग आधी बोलायचं!" म्हातारा ताडकन उठला. पेन्सिल कुठल्या कुठं घरंगळत गेली. त्यांनी चुलीत फुंकर घातली, पेज पुन्हा गरम केली, दुसरा पाट पुसून मांडला. "बांगडा एकच आहे, पण अर्धा अर्धा करू. लोणचं चालेल ना? हातपाय धुऊन घ्या."

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. घशाशी आलेलं होतं, तरी जेवलो. दुसऱ्यांदा वाढली, तीही संपवली. विसूभाऊ समोर बसून पेज भुरकत होते आणि कोर्टातल्या कुठल्याशा साहेबाची गंमत सांगत होते, आणि त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडलेला होता.